राहणार की निघणार

३ सप्टेंबर
‘बिलारा खोऱ्यातल्या लोकहो, दर उन्हाळ्यात शहरातली माणसं आपल्याला सांगतात — घर सोडा!’ शनिवारच्या सभेचं भाषण इथवर आलं आणि अडलं. वणव्याचा आराखडा नऊ वर्षांनी नव्याने करतोय. प्रत्येक घराने अर्जावर लिहायचं : थांबून घर राखणार, की आगीच्या धोक्याच्या दिवशी सकाळीच निघणार. मागच्या वेळी मी गरजले होते, ‘लढेल तेच घर उरेल!’ केवढ्या टाळ्या. मग आता पुढचं वाक्य का सुचत नाही?

६ सप्टेंबर
चौतीस अर्ज आले. एकोणतीस ‘राहणार’. आगबंबाच्या तुकडीचा प्रमुख लिंडसे म्हणाला, “तुझं भाषण पाठ आहे लोकांना, नोरीन.” कौतुक की टोमणा? अजून ठरत नाही.

आमचा अर्ज कोराच आहे.

८ सप्टेंबर
शेजारच्या मर्लकडे गेले. ब्याऐंशी वर्षांची, एकटी. ‘राहणार’ लिहिलंय. पाण्याचा पंप दाखव म्हटलं. नवरा गेल्यापासून कुणी हात लावलेला नाही. तो सुरू करायला तिने पाचदा दोरी ओढली, मी सहादा. ढिम्म. पंपाच्या नळीत कोळ्याचं जाळं.

चहा ओतताना म्हणाली, “जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात टेकडीमागे धूर दिसला ना, तेव्हा तुमच्या घराकडे पाहिलं. गॅरेज बंद, म्हणजे गाडी घरीच. म्हटलं, नोरीन आत आहे, मग मी कशाला पळू?”

मी बिस्कीट चहात बुडवून बसले. ते विरघळून गेलं.

९ सप्टेंबर
त्या दिवशी आम्ही शहरात होतो. माझ्या नवऱ्याच्या, ऑल्विनच्या फुप्फुसांची तपासणी — तारीख त्यानेच घेतली होती, त्या दिवशी वणव्याचा धोका आहे हा हवामानाचा अंदाज ऐकून. मला ठाऊक होतं. गॅरेजचं दार मीच ओढून घेतलं.

पुस्तकं उघडली, जुन्या वणव्यांचे चौकशी अहवाल काढले. घरी थांबून जगलेले आहेत, थांबून जळालेलेही. मग मी नऊ वर्षं नेमकं काय सांगत होते? खोटं? तेव्हा तर खरं वाटत होतं! ऑल्विनला विचारलं. तो म्हणाला, “तेव्हा मला नळी उचलता येत होती.”

१० सप्टेंबर
तीन मसुदे. तिन्ही फाडले.

१२ सप्टेंबर
सभा. एवढंच बोलले : ‘बिलारा खोऱ्यातल्या लोकहो, जानेवारीत मी घरी नव्हते.’ सगळ्यांसमोर आमच्या अर्जावर ‘निघणार’ लिहिलं. कुणी टाळी वाजवली नाही. मर्ल माझ्याकडे बघतच राहिली.

“मर्ल,” मी म्हणाले, “तुझी बॅग भर आणि आजच आमच्या गाडीत आणून ठेव.”