मागच्या खोलीतली यंत्रं आणि अर्धं घर

मी, या कागदाखाली सही करणारी, टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर, वय एकाहत्तर, माझ्या राहत्या घराच्या मागच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र सांगते आहे आणि वकीलबाई ते लिहून घेत आहेत. लिहून घ्यावं लागतं, कारण माझे हात थरथरतात. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट घरच्यांनीच 'एवढ्यात कशाला' असं म्हणून पाहिलं. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

१. माझी माणसं. यजमान गेले, त्यांच्या मागोमाग धाकटे दीरही गेले. मला एकच मुलगा, तो नोकरीच्या गावी असतो. सून बँकेत आहे. या घरात आम्ही दोघी जावा राहतो. धाकटी शिवणकाम करायची. तिला मूलबाळ नाही. या कागदात 'धाकटी' असं येईल तिथे तीच समजावी.

२. यंत्रं. मागच्या खोलीतल्या कपाटात जे व्हिडिओ गेमचे कन्सोल, हातात धरायची लहान यंत्रं, कंट्रोलर, वायरी आणि चार्जर आहेत, ते सगळे धाकटीला द्यावेत. ही मिळकत झाली कशी, ते वारसांना ठाऊक असावं म्हणून सांगते.

मुलगा नोकरीला गेला तेव्हा त्याचा कन्सोल इथेच राहिला. मी फोनवर विचारलं, "भंगारात देऊ का?" तो म्हणाला, "दे." मी फोन ठेवून वळते तो धाकटीने ते यंत्र टीव्हीला जोडलेलंसुद्धा होतं. मोटारींच्या शर्यतीत ती कायम उलट्या बाजूने गाडी हाणायची आणि समोरून येणाऱ्यांना शिव्या घालायची. मला हसून हसून ठसका लागायचा. दोन घरधनी गेल्यानंतर या घरात तेवढं हसू प्रथमच झालं असेल.

पुढे आम्हाला त्या यंत्रांच्या बातम्या वाचायची गोडी लागली. कोणती कंपनी काय आणतेय, किती वेळा तारीख पुढे ढकलतेय. धाकटी म्हणायची, "जाऊबाई, लग्न पुढे गेलं की सासरचे जसं बोलतात ना, अगदी तसं बोलतायत हे. 'तयारी चांगली व्हावी म्हणून.'" नवीन कन्सोल आधीपेक्षा बारीक झाला अशी बातमी आली तेव्हा मी विचारलं, "मग किंमत का नाही वाळली?" तबकडी घालायची खाच वेगळी विकत घ्यायची हे कळल्यावर धाकटी म्हणाली, "म्हणजे डबा इथला, झाकण बाजारातलं."

गल्लीच्या तोंडाशी टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. ते दुकानदार एकदा केबल बसवायला आले आणि आमचं बोलणं ऐकत तिथेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी माइक घेऊन आले. दर आठवड्याला गप्पा रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकायच्या असं ठरलं. कार्यक्रमाचं नाव काय ठेवायचं, असं त्यांनी विचारलं. धाकटी म्हणाली, "जाऊ द्या हो, नाव कसलं." त्यांनी 'जाऊ द्या' हेच लिहून टाकलं.

३. कार्यक्रम. 'जाऊ द्या'चे सगळे हक्क धाकटीचे. त्याचं कारण पुढीलप्रमाणे.

हात थरथरायला लागले तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही. खेळायचं काम धाकटीवर ढकललं आणि स्वतः नुसती बोलत राहिले. मग गाडी आदळली की हातात थरथरणारा असा एक नवा कंट्रोलर परीक्षणाला आला. रेकॉर्डिंग चालू असताना मी तो हातात घेतला आणि म्हटलं, "हा फार थरथरतो. कंपनीने जरा दमाने घ्यायला हवं होतं."

धाकटीने कंट्रोलरकडे वाकून पाहिलं. मग म्हणाली, "जाऊबाई, तो अजून चालू केलेला नाही."

मी कंट्रोलर खाली ठेवला. तिने तो उचलला नाही. माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि माइकसमोरच विचारलं, "कधीपासून?"

दुकानदार म्हणाले, "हे कापून टाकतो." मी उठून आत गेले. ते बिचारे माझ्या होकाराची वाट बघत राहिले. शेवटी धाकटीनेच त्यांना सांगितलं, "कापू नका." माझ्या हाताची गोष्ट, आणि हुकूम तिचा. मी तिच्याशी बोलणं टाकलं. एका स्वयंपाकघरात दोन बायका भांड्यांच्या आवाजातून भांडत होत्या. ती चहा ठेवायची, मी तो गार करून प्यायचे.

त्या भागावर लोकांनी लिहिलं. धाकटी ते मला दाराबाहेरून मोठ्याने वाचून दाखवायची, मी ऐकतेय की नाही याची पर्वा न करता. एका सुताराने लिहिलं होतं की वडिलांचे हात असेच हलतात, नातवाबरोबर खेळायचं म्हणतात, कोणतं यंत्र घेऊ? एका नर्सबाईने विचारलं होतं की बटणं लांब लांब असलेला कंट्रोलर मिळतो का. मी आतून म्हटलं, "त्या सुताराला सांग, तो नवीन घेऊ नकोस म्हणावं. त्याची बटणं तिळाएवढी आहेत." आमचा अबोला तिथे संपला.

त्यानंतर आमच्या बोलण्याची तऱ्हा बदलली. यंत्र किती वेगवान, चित्र किती झगमगीत, हे सांगणारे पुष्कळ आहेत. आम्ही सांगायचो की थरथरत्या हाताने ते चालू करता येतं का, चुकून दाबलेलं बटण माफ करतं का, अक्षर चष्म्याशिवाय दिसतं का. धाकटीने एक कंट्रोलर उसवला (तिचाच शब्द), आतली थरथरणारी मोटर काढून टाकली, नको त्या बटणांवर टोप्या बसवल्या आणि बाहेरून जाड कापडाची खोळ शिवली. त्यावर मी पुन्हा गाडी चालवली. सरळ बाजूने चालवली आणि तिला हरवलं.

एका कंपनीच्या बाई ते बघायला घरी आल्या. दुपारभर बसल्या, मी चुकत होते तिथे तिथे लिहून घेत होत्या. पुढच्या वर्षी त्यांच्या यंत्रात कंपन बंद करायची सोय पहिल्याच पानावर आली. ती आमच्यामुळे आली असं मी कधी म्हटलं नाही. धाकटी म्हणते, पण माइक बंद असताना.

म्हणून कार्यक्रम तिचा. तिने त्या दिवशी कापू दिलं असतं, तर मी आज खिडकीशी बसून रस्ता मोजत असते.

४. घर. हे घर माझ्या नावावर आहे, यजमानांकडून आलेलं. पण विटा दिरांनी चढवल्या. ते बांधकामावर मुकादम होते. स्वतःची कामं संपवून इथे यायचे. कागद करायच्या दिवशी ते कामावर होते म्हणून नाव एकट्या यजमानांचं लागलं. भावाभावांत त्यावरून कधी शब्द झाला नाही, म्हणून कोणी दुरुस्तही केलं नाही.

मागच्या सुट्टीत मुलगा म्हणाला, "आई, तुझ्यामागे घर विकावं लागेल. काकूंची आपण चांगली सोय करू."

मी म्हटलं, "सोय पाहुण्यांची करतात."

"तसं नाही गं. एखादी छान खोली बघून देऊ."

"तिला खोली आहे. माइक ठेवलाय त्यात."

माझा मुलगा वाईट नाही. लांबून त्याला घर म्हणजे छत आणि दुरुस्ती एवढंच दिसतं.

तर, घराचा खालचा मजला, मागच्या खोलीसह, मी धाकटीला कायमचा मालकीहक्काने देते. वरचा मजला मुलाला. धाकटी हयात असेपर्यंत त्याने तो परक्याला विकू नये. भाड्याने द्यावा, पण भाडेकरू ठेवताना तिला विचारावं, कारण रेकॉर्डिंगच्या वेळी डोक्यावर पलंग सरकवणारा माणूस चालणार नाही.

५. शिल्लक. बँकेतली ठेव मुलाला आणि सुनेला मिळून. सोन्याच्या बांगड्या सुनेला. तिने त्या मोडल्या तरी माझी हरकत नाही.

६. नणंदबाई. 'म्हातारपणी पोरांचे खेळ खेळून घराण्याची शोभा केली' असं त्या चारचौघांत म्हणाल्या. त्यांना काहीही देऊ नये. यात राग आहेच, पण व्यवहारही आहे. दिलेली वस्तू त्या परत पाठवतात आणि टपालखर्च आपल्यावर येतो.

७. व्यवस्थापक. या कागदाची अंमलबजावणी सुनेने करावी. या घराण्यात बिलं वेळेवर भरणारी ती एकटीच आहे.

८. मी गेल्यानंतर. त्या आठवड्याचा कार्यक्रम बंद ठेवू नये. माझे जुने आवाज लावून रडारड करू नये. नवीन यंत्र आलं असेल तर त्यावर बोलावं. चांगलं असेल तर चांगलं म्हणावं, आणि महाग असेल तर कोणाच्या भिडेला न पडता महाग म्हणावं.

९. हा मसुदा काल धाकटीला वाचून दाखवला. तिला लाभ होत असल्यामुळे साक्षीदार म्हणून तिची सही चालत नाही, हे ऐकून ती आधी रुसली. मग वकीलबाईंना म्हणाली, "मलाही असा कागद करायचा आहे. माझ्यामागे खालचा मजला सुनेला."

वकीलबाई म्हणाल्या, "करता येईल. पण तो मजला अजून तुमचा झालेला नाही. तुमच्या जाऊबाई आहेत ना अजून."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग राहू द्या. मला घाई नाही."

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे. अंगठा नको म्हणून मी सही केली आहे. ती वाकडी दिसली तरी माझीच समजावी.

(सही) लिहून देणार, थोरली जाऊ

आमच्यादेखत, पूर्ण शुद्धीवर असताना त्यांनी सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही केली:

साक्षीदार १: (सही) टीव्ही दुरुस्तीचे दुकानदार
साक्षीदार २: (सही) उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
दिनांक: ४ ऑक्टोबर २०२४