उलट्या चामड्याची गवसणी

नागपूर, अक्षय तृतीया

तीर्थरूप मामाजी,

तुमच्या सुनेचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. या पत्राला पत्ता नाही, म्हणजे तिकिटाचीही बचत. तुम्ही असता तर म्हणाला असता, "सूनबाई, कागद तरी काहून खराब करून राहिली?" पाठकोरा आहे, मामाजी. कॅलेंडरचं मागचं पान आहे.

सकाळी तुमच्या नावाची घागर भरली. पाण्यात वाळा टाकला, वर खरबूज ठेवलं, पन्ह्याचा नैवेद्य दाखवला. हे सगळं तर दरवर्षी होतंच. पत्र लिहायचं कारण निराळं आहे. उद्या एक सायकलवाले येणार आहेत, पुढची खोली भाड्याने मागायला. तुमचं दुकान. तुम्ही गेल्यापासून तिला कुलूप आहे. यांनी सगळं माझ्यावर टाकलं. म्हणाले, "तू बसणार असशील तर ठेवू, नाही तर देऊन टाकू. बंद खोलीत उंदरांशिवाय कोणाचं भलं होत नाही." मी हिशेब मांडून पाहिला. हिशेब म्हणतो, खोली द्यावी. माझ्या हिशेबात सहसा चूक नसते हे तुम्हाला माहीत आहे. तरी मन हो म्हणत नाही. मग विचारायचं कोणाला?

तुम्हाला लकवा झाला तो उन्हाळा आठवतो. उजवा हात आणि जीभ, दोन्ही एकदम गेली. शहरातले तांगे कमी होत चालले होते, घोड्यांच्या साजाचं काम आधीच आटलं होतं. पण कमरपट्टे, पिशव्या, काही ना काही तुमच्या हातात असायचंच. त्यानंतर तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलात ते पडलातच. पुढे जीभ थोडी वळायला लागली, तरी बोलेनात. ताट अर्धं परत यायचं. मी भरीत केलं, ज्वारीची कण्णी केली, काही म्हणजे काही तुम्हाला गोड लागेना. एकदा हे ऑफिसातून येऊन दारात उभे राहिले आणि हळूच मला म्हणाले, "बाबाची जगायचीच इच्छा दिसत नाही." तुम्ही ऐकलं होतं का ते? मला नेहमी वाटतं, ऐकलं होतं.

आणि मग कन्हानकडचे देवराव आले. नदीकाठी त्यांचं भुईमुगाचं शेत. रानडुकरांसाठी सरकारी परवान्याची रायफल. ती खांद्याला लावूनच ते दारात उभे. मी आतून म्हटलं, घरात देवघर आहे, ती बाहेर ठेवायला सांगा. तर ते म्हणाले, "बाई, तिले मी बाहेर ठेवलं तं पोलीस मले आत ठेवतीन."

त्यांचं काम साधं होतं. रायफलच्या दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकतो त्या लाकडी भागाला, चामड्याची गवसणी हवी होती, आणि तिच्यावर काडतुसं खोचायला घरं. "मचाणावर अंधारात खिसा चाचपत राहतो बुवा. तोवर डुक्कर भुईमूग खाऊन, पाणी पिऊन घरी जाते."

तुम्ही मानेने नाही म्हटलं. मी दुकान आणि घर यांच्या मधल्या पडद्याआड उभी होते, मला तुमची मान दिसत होती आणि डोळेही दिसत होते. मान नाही म्हणत होती, डोळे त्या दस्त्यावरून हलत नव्हते. म्हणून मी आतूनच म्हणाले, "होऊन जाईल. माप देऊन जा."

देवराव गेल्यावर इतक्या दिवसांत तुम्ही पहिलं पूर्ण वाक्य बोललात, आणि तेही मला रागवायला. तोंड वाकडं होत होतं, पण शब्द कळले. "तू काहून हो म्हटलं? कोण शिवन? तू शिवशीन?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगाल तसं शिवीन."

"मॅट्रिकच्या पुस्तकात होतं काय हे?"

मामाजी, त्या टोमण्याचा मला राग आला नाही. टोमणा मारणारा माणूस जेवतो, हे मला माहीत होतं. त्या रात्री ताट रिकामं आलं.

माझ्या माहेरचा धंदा तुमचाच, पण आमच्या वडलांनी तो सोडून कारकुनी धरली. घरात चामड्याचा तुकडा दिसला तरी आईला कमीपणा वाटायचा. तिला कळलं तेव्हा ती लकडगंजच्या वळणापासून तणतणत आली. "तुला मॅट्रिक केलं ते आरी धरायला?" मी चहा पुढे केला. तुम्ही आतून म्हणालात, "विहीणबाई, आरी मी धरतो. तुमची पोरगी फक्त दोरा ओढते." आणि ते खरंच होतं. डाव्या हाताने तुम्ही आरीने भोक पाडायचं, मी दोन्ही बाजूंनी सुई घालून मेणाचा दोरा ओढायचा. एका माणसाचं काम आपण दोघं मिळून करत होतो.

पण मनात एक टोचणी होतीच. देवपूजा झाल्याशिवाय मी आरीला हात लावत नव्हते, तरी वाटायचं, हे बंदुकीचं काम. उद्या यातलंच काडतूस काढून कोणी जीव घेईल. हे पाप आपल्याकडे किती येतं? तुम्हाला विचारलं तर तुम्ही देवघरातल्या रामाच्या तसबिरीकडे बोट दाखवलंत.

"पाठीवर काय हाय त्याच्या?"

"भाता."

"तो कोणीतरी शिवलाच असन ना?"

इतक्या वर्षांत रोज रामाला हळदकुंकू वाहिलं, पण भाता कोणी शिवला असेल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. टोचणी तिथेच थांबली.

रायफल आपल्याकडे ठेवता येत नव्हती, म्हणून यांनी लकडगंजातून लाकडाचा तुकडा आणून दस्त्याच्या मापाचा ठोकळा करून घेतला. तुम्ही त्याला कागद गुंडाळून माप काढलंत. एका अंगाला काडतुसांची घरं, दुसरं अंग साधं, कारण नेम धरताना तिथे गाल टेकतो. कडा खालच्या बाजूला भिडवून वादीने आवळायच्या. तुम्ही म्हणालात, मी उठल्यावर कापू. आणि दुपारचे लवंडलात.

मला वाटलं, तेवढं तरी मी करते. आयुष्यभर ब्लाउज कापलेत, हे काय त्याहून अवघड? चामडं पसरलं, कागद ठेवला, आखलं, कापलं. कड अशी सरळ आली की माझं मलाच कौतुक वाटलं.

तुम्ही उठून ते ठोकळ्यावर बसवलंत. मग हळूच ठोकळा माझ्याकडे फिरवला. काडतुसांच्या घरांसाठी आखलेली बाजू गालाकडे आली होती.

ब्लाउजचं कापड आम्ही बायका उलट्या बाजूने आखतो, खडूची रेघ वरून दिसू नये म्हणून. आणि घडी घालून कापतो, म्हणजे डावं आणि उजवं दोन्ही आपसूक निघतं. तीच सवय मी चामड्यावर चालवली. चामड्याला कुठली घडी? आणि दस्ता तर एकच. बाभळीच्या सालीत कमावलेलं ते शेवटचं चांगलं चामडं, घरात दुसरा तेवढा तुकडा नव्हता. देवरावांचं काय? त्याहून, तुमचं काय? आता तुम्ही पुन्हा भिंतीकडे वळणार, मला दुसरं काही सुचेना.

आणि तुम्ही हसलात. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण खांदे दोन्ही हलत होते. "सूनबाई, बंदुकीले बाह्या लावतं काय वं?" लकव्यानंतर तुम्हाला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मीही हसले आणि मग पदर डोळ्यांना लावावा लागला. यांनी घरी आल्यावर विचारलं, काय झालं? तुम्ही म्हणालात, "तुह्या बायकोनं बंदुकीचा ब्लाउज शिवला." पुढे कित्येक दिवस या घरात तेवढंच चाललं होतं.

हसून झाल्यावर तुम्ही ते चामडं उलटं केलंत. खरखरीत बाजू बाहेर, गुळगुळीत बाजू लाकडाकडे. ठोकळ्यावर बसवलं तर बरोब्बर बसलं. किती वेळ त्याच्यावर अंगठा फिरवत होतात. "उलटंच शिवू," म्हणालात. "दवात हात ओला झाला तरी सटकनार नाई. अन् आतून गुळगुळीत, लाकडाले ओरखडा नाई."

मग घरं. एकेका घरासाठी तुम्ही माझा जीव खाल्लात. देवरावांनी दिलेली रिकामी काडतुसं ओल्या पट्टीत घालून वाळवायची, आणि मे महिन्यात आपल्या नागपुरात चामडं असं आवळतं की काडतूस निघता निघेना. म्हणून वर ओलं गोणपाट टाकून सावलीत वाळवायचं. पहिलं घर सैल झालं, उसवलंत. पुढचं घट्ट झालं, उसवलंत. मी रडकुंडीला आले. तेव्हा माझ्या हाताकडे पाहून म्हणालात, "कासार बांगडी कशी भरते? दाबून जाते, पण हात खाली केला तं पडते काय? तसं पाह्यजे." त्यानंतर मला समजलं. इतके दिवस हेच का नाही सांगितलंत? मास्तर लोक मुद्द्याचं शेवटी सांगतात तशी तुमची रीत.

देवराव न्यायला आले तेव्हा मी पडद्याआड उभी होते. त्यांनी गवसणी उलटसुलट केली. "बुवा, खरखरीत बाजू वर?"

"मुद्दाम," तुम्ही म्हणालात. इतक्या गंभीरपणे की मला पदर तोंडात धरावा लागला.

त्यांनी रायफलला चढवून पाहिली, खांद्याला लावली, काडतूस काढलं, घातलं. मग म्हणाले, "बुवा, हात तं तुमचा चालत नाई. शिवलं कोणं?"

आणि तुम्ही म्हणालात, "एक कारागीर ठेवला हाय."

मामाजी, ते मला लागलं. इतकी वर्षं बोलले नाही, आज बोलते. घरच्या सुनेचं नाव नको, लोक बोलतील, हे मी समजू शकते. पण संध्याकाळी मला एकटीला तरी म्हणायचं, चांगलं झालं. तेही नाही. तुम्ही फक्त एक जुना कमरपट्टा माझ्या पुढ्यात टाकलात, "याचं बक्कल बसव" म्हणालात आणि जेवायला बसलात. मी धुसफुसतच बक्कल बसवलं.

तुमचं कौतुक ते एवढंच होतं, हे कळायला मला फार दिवस लागले. पुढचं काम देणं. तुम्ही जाईपर्यंत माझ्या पुढ्यात काही ना काही पडतच राहिलं. देवराव पुढच्या हंगामात शेजारच्या शेतकऱ्याला घेऊन आले, म्हणाले, "याले बी उलट्या चामड्याचीच पाह्यजे." तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात आणि गिऱ्हाइकासमोर म्हणालात, "जमन काय?" मला. सगळ्यांसमोर. मी मान हलवली. त्या दिवशी आपण दोघांनी मिळून देवरावांना चहा पाजला, आणि मी पडद्यातून बाहेर, दुकानात आले होते, तुमच्या लक्षात आलं होतं का?

शेवटची ती वर्षं, मामाजी, तुम्ही भिंतीकडे तोंड केलं नाही. सकाळी माझी पूजा आटोपायची वाट पाहत बसायचात. "झालं काय तुह्या देवाचं? मह्यं काम पडलं हाय." हात पुरता आला नाही, पण दिवस भरलेला होता. गेलात तेही अंथरुणावर नाही. बैठकीवर, मांडीवर चामडं घेऊन, मला सुई ओवायला सांगून. मी ओवून पाहिलं तर तुम्ही झोपल्यासारखे. माझी एकच इच्छा राहिली, त्या वेळी मी तुमच्याशी काहीतरी बोलायला हवं होतं. काय ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण रामाला मी रोज सांगते की अशी माणसं कामात असताना ने.

हे आत्ता ओट्यावरून उठून आले. "ठरलं काय?" म्हणाले. मी म्हटलं, सायकलवाल्यांना दुसरी खोली पाहू द्या. मला वाटलं, हिशेब विचारतील. नाही विचारला. किल्ली आणून माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "बाबाची बैठक जुनी झाली, तुला बसायला नवी करू काय?" मी म्हटलं, काही गरज नाही, तीच झटकून घेईन.

तर मामाजी, आता वचन देते. खोली पुसून घेईन, धूप दाखवीन, आणि मधला पडदा काढून त्याची पायपुसणी शिवीन. रस्त्याकडे तोंड करून बसेन. कोणी येऊन विचारलं, कारागीर कुठे आहे, तर सुई खाली ठेवून म्हणेन, बोला, मीच. वाकडा गेलेला टाका गिऱ्हाइकाला दिसो न दिसो, उसवीन. आणि तुमच्या धाकट्या नातीला आरी धरायची असली तर तिला अडवणार नाही, मॅट्रिक झाली तरी.

तुमच्या पायाशी,
तुमची सूनबाई,
कुसुम