धडधाकट रक्त

३ डिसेंबर
आले बाई एकदाची! सेवाग्रामच्या वाटेवर खोली, दारात सीताफळ, आणि घरमालकीण धुरपताबाई आल्याआल्या वडाभात घेऊन हजर. वर तर्री, डोळ्यांतून पाणी काढणारी. उद्यापासून लॅब. मिरगीच्या पेशंटचं रक्त तपासायचं. खऱ्या झटक्यात स्नायू आवळतात, त्यांच्यातलं एक एन्झाइम रक्तात उतरतं आणि काही दिवस चढलेलं राहतं. सोंग करणाऱ्याचं चढत नाही. आईला म्हटलं, समज पोलिसातच लागले.

४ डिसेंबर
इथली रीत ऐकून हसूच आलं. तुलनेसाठी धडधाकट माणसाचं रक्त लागतं, ते नव्यानं आलेल्यानं द्यायचं. त्यासाठीची नॉर्मल रक्ताची विकतची बाटली अजून आली नव्हती, म्हणून सोबतच्या कैलासनं यंत्र माझ्या एकटीच्याच रक्तावर जुळवलं. म्हणजे माझा आकडा तोच नॉर्मल! आई गावभर सांगेल. जीभ मात्र एका कडेला सोलली आहे. तर्री, दुसरं काय! पलंगही नवा, मांड्या ठणकताहेत.

८ डिसेंबर
केळझरकडची जयवंता आली, सासूबरोबर. माझ्याच वयाची. आधी जळक्या गुळाचा वास येतो म्हणे, मग डावा अंगठा आपोआप उडतो, पुढचं तिले काई समजत नाई, उठते तं जीभ चावलेली. सासूचं म्हणणं, कामाच्या वेळेलेच बरा झटका येते हिले, सोंग करून राह्यली. कालच पडली होती. आकडा आला माझ्याइतकाच. मी रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहून दिलं. सासू खूश, आता विहिरीचं पाणी हीच भरेल म्हणाली, इतके दिवस भीतीनं पाठवत नव्हते. जयवंता जाईपर्यंत माझ्याकडे बघत होती. मला तिचा रागच आला.

११ डिसेंबर
धुरपताबाईंना विचारलं, रोज गूळ जाळता की काय? त्या म्हणाल्या, घरात गूळच नाई, मले शुगर हाय. उलट मलाच विचारलं, पहाटे पलंग काऊन आपटत राह्यतं तू?
मी कशाला आपटू?

१२ डिसेंबर
विकतची बाटली आली. लावली, तर आकडा पार तळाला. यंत्र बिघडवलंस म्हणून कैलासवर खेकसले. त्यानं स्वतःचं रक्त लावलं. तेही तळाला.
वर आम्ही दोघीच. मी आणि जयवंता.
मला कधीच काही झालेलं नाही. कधीच नाही. मग जीभ—

१३ डिसेंबर
गादी ओली. काल झोपले कधी, आठवत नाही. भीती वाटते, फार भीती वाटते. लॅबमध्ये कळलं तर नोकरी— जाऊ दे नोकरी. ती सोंग करत नव्हती. आणि मी तिला—

फोन लावला. सासूनं उचलला. हात जोडते, तिला पाण्याला पाठवू नका म्हटलं. ती हसली. रिपोर्ट तं तुम्हीच देल्ला ना! विहिरीवरच गेली हाय, बलावतो, तिलेच सांगा. फोन ओट्यावर ठेवून गेली. मी धरून आहे, तोवर लिहिते आहे. रहाट वाजतोय—

थांबला.

आली. जयवंता आली. ताई, बोला ना, म्हणते. घागर अर्धीच राह्यली म्हणते—

गुळाचा वास.

बोलायचं आहे. तोंड उघडत नाही. अंगठा— फोन सुटला— तिचा आवाज येतोय, मी जातो मंग, म्हणते— जयवंता नको, परत नको जाऊ, विहि