फ्रेंचच्या वर्गाचं दार

प्रिय ताई,

आज फ्रेंचच्या वर्गात बाई एकेकाला उभं करून फ्रेंचमध्ये विचारत होत्या, "तुम्ही कुठे राहता?" माझा नंबर आला आणि दारात माझा नवरा दिसला. घर सोडल्यापासून मी त्याला पाहिलं नव्हतं. हातात माझी जुनी छत्री घेऊन, मला न्यायला आल्यासारखा तो शांत उभा होता.

माझ्या गल्लीचं नाव कुठल्याही भाषेत घेतलं तरी त्याला कळलं असतं. मी म्हटलं, "झे पर." मला भीती वाटते. तेवढंच फ्रेंच आठवलं.

मुलं हसली. "प्रश्न काय, उत्तर काय," मागून कुणीतरी म्हणालं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि जाऊन आतून कडी लावली. "आज वर्ग उशिरा सुटेल," त्या आपल्या भाषेत म्हणाल्या.

नंतर त्यांनीच मला मागच्या दाराने खोलीवर पोचवलं.

ताई, मी या कॉलेजात शिकते हे फक्त तुलाच सांगितलं होतं. तो तुझ्यापुढे रडला असेल, तुला दया आली असेल. खोलीचा पत्ता तू परवाच मागितलास. तो द्यायचा धीर होत नाही, आणि हे पत्रही त्याच्या हाती लागेल, म्हणून टाकणार नाही.

तुझीच,
धाकटी