फाटलं तरच माझ्याकडे

७ जानेवारी, सोमवार

वाचनालयाचं पोतं आलं. एकोणीस पुस्तकं. शनिवारी परत जायची. त्यातली वाचायची दोन बाजूला काढली, ती सगळ्यांत शेवटी शिवायची. एकाची खळ वाळेपर्यंत दुसऱ्याची दहा पानं होतात.

मालकांनी पाहिलंच. "बाइंडरानं पुस्तक शिवावं, वाचत बसू नये. शिंपी कधी गिऱ्हाइकाचे कपडे घालून हिंडतो का?"

मी आजवर नवं पुस्तक वाचलेलं नाही. लोकांनी वाचून वाचून फाडलेलं, तेवढंच मला मिळतं. पण कोणी न वाचलेलं पुस्तक फाटत नाही. म्हणजे माझ्याकडे येतं ते चांगलंच येतं!

९ जानेवारी, बुधवार

या वाचनालयाची एक पद्धत मला फार आवडते. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी रेघा मारलेला कागद चिकटवलेला असतो. वाचून झालं की त्यावर लिहायचं — कसं वाटलं, सध्या काय वाचताय, पुढच्यानं काय वाचावं. शेजारी सभासद क्रमांक. नाव नाही. कागद भरला की मी नवा चिकटवतो. जुना टाकून द्यायचा असतो. मी टाकत नाही. बिस्किटांच्या डब्यात एकशे बारा झालेत.

बहुतेक जण लिहितात 'छान', 'बोधप्रद'. एकानं लिहिलंय, 'पान ८८ वर चहा सांडला, क्षमस्व.'

पण क्रमांक ४१७! दीपगृहाच्या रखवालदाराच्या कादंबरीवर ४१७ नं लिहिलंय — 'शेवटचं प्रकरण घाईनं वाचू नका. त्याला दिवा लावायला जेवढा वेळ लागतो, तेवढा घ्या.'

मी तेवढा घेतला. मग पुन्हा एकदा घेतला.

१२ जानेवारी, शनिवार

केलं. करायला नको होतं.

बोटीवरच्या स्वयंपाक्याच्या आठवणी शिवल्या. मागचा नवा कागद कोरा होता. आधी रद्दीवर तीनदा लिहून पाहिलं, दोन शब्द शब्दकोशात तपासले, मग पेन्सिलीनं उतरवलं — 'हा माणूस वादळाबद्दल दोन ओळी लिहितो आणि भांडी घासण्याबद्दल चार पानं. म्हणून तो खरा वाटतो. मी सभासद नाही. पुस्तक फाटलं तरच माझ्याकडे येतं, दुरुस्तीला. आवडलेल्याबद्दल बोलायला इथे कोणी नाही.' क्रमांकाच्या जागी नुसती रेघ.

शेवटचं वाक्य कशाला लिहिलं! खोडायला गेलो तर शिपाई पोतं घेऊन निघालाही होता.

१३ जानेवारी, रविवार

सभासद का होत नाहीस, असं ताईनं पुन्हा विचारलं. अर्ज चौदा महिने कपाटात आहे. त्यात 'शिक्षण' असा रकाना आहे. माझी आठवी, तीही अर्धी.

ताई म्हणाली, "अरे, ते पुस्तक देणार आहेत, मुलगी नाही!"

४ फेब्रुवारी, सोमवार

स्वयंपाकी परत आला! पुठ्ठ्याचा पुढचा सांधा उघडा पडलेला. मालक म्हणाले, "तीन आठवडे टिकलं नाही? खळ लावली होतीस की पाणी?" माझं काम असं परत येत नाही.

मग मागचा कागद पाहिला.

'रेघवाल्या वाचकास — भांड्यांची पानं मलाही आवडली. घरी मोठ्यानं वाचून दाखवली, कोणी ऐकलं नाही. आता मिठाच्या व्यापाऱ्याचं प्रवासवर्णन वाचा. तुमच्यापर्यंत पोहोचेल अशी आशा आहे. ४१७.'

रेघवाला! म्हणजे मी! मालकांच्या अजून दहा शिव्या खाईन.

१८ फेब्रुवारी, सोमवार

मिठाचा व्यापारी आला. नशीब म्हणतात ते हे! पुढचा सांधा, वरपासून खालपर्यंत. एकही अक्षर दुखावलेलं नाही. जिथे सगळ्यांत लवकर भरून येतं नेमकं तिथेच फाटलंय. काम सोपं, म्हणजे वाचायला वेळ जास्त.

२० फेब्रुवारी, बुधवार

वाचतोय.

२३ फेब्रुवारी, शनिवार

लिहिलं — 'उंट मरतो तिथे मी पुस्तक मिटून गल्लीच्या टोकापर्यंत चालून आलो. तुम्ही काय केलंत? आणि विहिरी खोदणाऱ्याची गोष्ट मिळाली तर वाचा. गेल्या वर्षी शिवली होती. त्यातला बाप कमी बोलतो, पण दोरी कधी सोडत नाही.'

आयुष्यात पहिल्यांदा कोणाला पुस्तक सुचवलं. शाळेत सरांनी विचारलं होतं, "तुला रे काय आवडलं?" मी उत्तर जुळवेपर्यंत ते पुढच्या बाकावर गेले होते.

१० मार्च, रविवार

वाचनालयासमोरून चारदा गेलो. रस्त्यावरून खिडकीतला वाचनकक्ष दिसतो. आठ माणसं. ज्याची मान पुस्तकावर हळू फिरते ते ४१७ असणार, असं ठरवलं. तिघांच्या हळू होत्या. त्यातला एक झोपला होता.

आत जायला दार आहे. दाराला कुलूप नाही. पण पाय उचलेना.

११ मार्च, सोमवार

विहीरवाला आला! ४१७ नं वाचला! 'उंट मेला तेव्हा मी उठून भांडी घासली, स्वयंपाक्यासारखी. दोरीबद्दल तुमचं अगदी खरं आहे. असं आणखी सुचवा.'

पाठ करायची गरज नव्हती. झालं आपोआप.

२५ मार्च, सोमवार

चौथं पुस्तक. ४१७ लिहितं — 'तुम्ही कधी नवं पुस्तक उघडलंय? पानं एकमेकांना चिकटलेली असतात. आपण पहिले असतो. तुम्हाला एकदा तसं मिळायला हवं.'

आज हात कामाला लागेना. ताई म्हणाली, "जेवताना पानाकडे बघ, भिंतीकडे काय बघतोस?"

३ एप्रिल, बुधवार

लिहायला बसवत नाही. तरी क्रमानं लिहितो.

ग्रंथपालबाई स्वतः दुकानात आल्या. पिशवीतून ती चार पुस्तकं काढली. मालकांशी नाही, माझ्याशी बोलल्या. "तुम्हीच शिवलीत ना? नीट आठवून सांगा. ही वापरानं फाटली होती की कोणी फाडली होती?"

मला असं कोणी कधी विचारत नाही. ऐटीत सांगितलं! म्हणालो, वापरानं फाटलेली कड मळकी आणि भुसभुशीत होते. लोक वर बोट अडकवून पुस्तक ओढतात, म्हणून आधी टोक जातं. यांची कड पांढरी होती, सरळ होती. हातानं फाडलेली. एका दमात. चारही एकाच हातानं. मालकसुद्धा माझ्याकडे बघत राहिले.

बाईंनी तारखांच्या चिठ्ठ्या ओळीनं मांडल्या. चारही पुस्तकं फाटण्याआधी एकाच सभासदाकडे होती. त्यांनी क्रमांक वाचला.

४१७.

मी दाभण खाली ठेवलं.

नशीब नव्हतंच! पुस्तक फाटलं तरच माझ्याकडे येतं, असं मीच लिहिलं होतं. आणि कोणीतरी दर वेळी, अक्षर दुखावणार नाही अशा बेतानं, ते माझ्याकडे पाठवत होतं. चार वेळा मी ती कड हातात धरली आणि मला कळलं नाही. विचारलं तेव्हा मात्र एका क्षणात कळलं.

"सभासदत्व रद्द करावं लागेल," एवढं म्हणून बाईंनी पुस्तकं पिशवीत भरली. मागचा कागद उघडला नाही. मीही उघडून दाखवला नाही. हे लिहायलाच हवं — दाखवता आला असता. तोंड उघडलं नाही.

४ एप्रिल, गुरुवार

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "सगळ्या जगाची पुस्तकं शिवतोस, आणि स्वतःचं तोंडही शिवून बसलास."

८ एप्रिल, सोमवार

पोतं आलं. बावीस पुस्तकं. सगळ्यांच्या कडा मळकट, भुसभुशीत.

१३ एप्रिल, शनिवार

पोत्यामागोमाग मीही गेलो. त्याच दारातून आत.

बाईंना चारही कागद दाखवले. रेघ म्हणजे मी, हे सांगितलं. चूक माझी, ४१७ ला परत घ्या, म्हणालो. बाईंनी सगळं वाचलं, चष्मा काढला, पुसला. "कारण कळलं हो. पण पुस्तकं फाटली ती फाटलीच ना? सभासदत्व गेलंय. मी एकटी ते बदलू शकत नाही."

पत्ता मागितला. "सभासदाचा पत्ता देत नाही आम्ही." मग म्हणाल्या, "बचावाचा एक शब्द काढला नाही हो. कार्ड टेबलावर ठेवलं. फक्त विचारलं, कोणी ओळखलं? मी सांगितलं, आमच्या बाइंडरकडच्या मुलानं, एका नजरेत."

म्हणजे ४१७ ला माहीत आहे.

अर्ज तिथेच भरला. शिक्षण — आठवी, अर्धी. बाईंनी नुसता शिक्का मारला. मला क्रमांक मिळाला, ५६०. इतके महिने हवा होता. आता तो कोणाला दाखवू?

१५ एप्रिल, सोमवार

एका कोऱ्या कागदावर लिहिलं — '४१७ यांस. मी ऐटीत बोललो. क्षमा करा.' चिकटवलं नाही. ४१७ च्या हातात पडेल असं पुस्तकच आता उरलं नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार

दुपारी एक नर्सबाई दुकानात आल्या, ड्यूटीच्याच कपड्यांत. पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. मी सांधे पाहिले, पाठ पाहिली, शिवण पाहिली. म्हटलं, यात दुरुस्त काय करायचं?

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "पानंसुद्धा अजून चिकटलेली आहेत."

मी सांगितलं — ओळखलं ते मीच.

"माहीत आहे. नाहीतर दुकान कसं सापडलं असतं?"