अस्सल चिमट्याची साक्ष

३ फेब्रुवारी

चि. ठिणगीस मोठ्या काकाचे भरघोस आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. फोनवर मला निम्मे ऐकू येते आणि उरलेले निम्मे मी मनाने भरतो, म्हणून लिहिलेस ते बरे केलेस. दुसऱ्याच्या कारखान्यात आठ वर्षे विजेच्या मोटरी दुरुस्त करून आता तू स्वतःचे वर्कशॉप काढलेस, सेकंडहँड का होईना ऑसिलोस्कोप घेतलास, आणि त्याला करंट प्रोब हवा आहे. म्हणजे पडदा आहे, पण तारेतून किती वीज वाहते ते पकडून पडद्यावर आणणारा चिमटा नाही. अस्सल कंपनीचा चिमटा तुझ्या चार महिन्यांच्या भाड्याइतका; जाहिरातीतले ते तिघे, नावे तीन आणि चेहरा एक, त्याच्या सहाव्या हिश्शात. कुठला घेऊ, असे विचारतेस.

एकही घेऊ नकोस. निवृत्तीच्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेने मला तिथला अस्सल चिमटा मखमलीच्या पेटीत घालून दिला. दर वर्षी त्याच तारखेला पेटी उघडतो, त्याच्या जबड्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडतो आणि परत निजवतो. त्या वेळी चौथीच्या पुस्तकातली ओढ्याची कविता आपोआप ओठांवर येते. मास्तर टेबलावर पट्टी आपटून ताल धरायचे. आमच्या वर्गात ओढा पट्टीच्या धाकाने खळखळायचा. असा चिमटा पोस्टात टाकायला माझा हात धजत नाही. माझ्यामागे तो तुझाच आहे. तोवर धीर धर.

लोभ आहेच, तुझाही राहू दे.
मोठा काका

१७ फेब्रुवारी

ती. मोठेकाकांना ठिणगीचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुमच्या मरणाची वाट बघण्याइतकी सवड नाही, म्हणून तिघांतला सगळ्यांत स्वस्त मागवला. रागावू नका. तिन्ही दुकानांची माहितीपत्रकं ताडून पाहिली. तिन्हींत एकच वाक्य दोनदा छापलंय, तेही त्याच पानावर. सख्खे भाऊच ते, दत्तक तेवढे वेगवेगळ्या घरी गेलेत. माझ्याच्या अंगावरचं लेबल नखाने खरवडलं तर खाली दुसरं लेबल. तिसरं निघेल म्हणून हात आवरला.

तुम्ही शिकवलंत तसं आधी त्याचीच परीक्षा घेतली. जबड्यातून तारेचे दहा वेढे काढले आणि मोजून एक अँपिअर सोडला. दहा वेढे म्हणजे दहा दिसायला हवेत. नऊ पूर्णांक आठ दिसले. शून्य मात्र चालू केल्या केल्या जागेवर राहत नाही, भटकतं. तुमची ओढ्याची कविता सावकाश तीनदा म्हटली की स्थिरावतं. त्या कवितेचा मला झालेला हा पहिला उपयोग.

आता मुद्द्याचं. पहिलं काम मिळालंय. आठ मजली इमारत, बिऱ्हाडं बहुतेक म्हाताऱ्यांची. लिफ्टची मोटर वर चढताना अठरा अँपिअर ओढते, तिच्या पाटीवर जास्तीत जास्त आहेत चौदा. माझ्या मते बेअरिंग गेलंय. मोटर उघडायला हवी आणि तोवर लिफ्ट बंद ठेवायला हवी. व्यवस्थापकांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, हा चिमटा कुठल्या कंपनीचा. मी खरं सांगितलं, तिथेच फसले. म्हणतात, अस्सल उपकरणाने मोजून दाखवा, नाहीतर दुसरा मेकॅनिक बघतो. काका, पहिल्याच कामात ‘खोट्या मापाची बाई’ असं नाव पडलं तर शटर ओढून घरी बसावं लागेल. पेटी घेऊन येता का?

माया पातळ होऊ देऊ नका.
ठिणगी

१ मार्च

चि. ठिणगीस आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचलो. बसस्टँडवर सोडायला आलीस, पण चार पावले पुढे चालत होतीस. मला घाई नव्हती, बसलाही नव्हती.

तुझ्या चिमट्याने अठरा दाखवले आणि माझ्याने साडेतेरा, त्याला मी काय करू? दिसले ते लिहून दिले आणि सही केली. व्यवस्थापकांनी मखमल पाहताच मला खुर्ची दिली आणि तुला उभेच ठेवले, हे मला खटकले. बसलो मात्र.

मनाला लावून घेऊ नकोस. लिफ्ट सुरू झाली, म्हाताऱ्यांची सोय झाली. नक्कल ती नक्कलच. ओढ्याचे चित्र काढून कुणाची तहान भागत नाही. तुझे हात चांगले आहेत, हत्यार तेवढे हलके निघाले.

उत्तर पाठव. राग धरलास तरी लोभ सोडू नकोस.
मोठा काका

५ मार्च

ती. मोठेकाकांना नमस्कार.

तुम्ही गेल्यापासून दोन गिऱ्हाइकांनी आपापल्या मोटरी न उघडताच परत नेल्या. त्यांतल्या एकाने जाता जाता तुमचा पत्ता मागितला. बाबा म्हणतात, सोडून दे. त्यांनी धाकटा भाऊ म्हणून जन्मात कधी तुमचं बोलणं खोडलं नाही, ते आता काय खोडणार.

एकच मागते. इथे आलात तेव्हा तुम्ही माझा चिमटा दहा वेढे घालून तपासलात. तुमचा तपासला नाहीत. मीही तपासा म्हटलं नाही. आता घरी आहात, तुमचा जुना ऑसिलोस्कोप आहे, तार आहे, वेळ आहे. घाला दहा वेढे. दहा आले तर माझा चिमटा भंगारात टाकते आणि व्यवस्थापकांची माफी मागते.

बाकी क्षेम.
ठिणगी

८ मार्च

चि. ठिणगीस, आशीर्वादाला आज हात उचलत नाही, तरी पोचले असे समज.

हे मी तुझ्याच गावात, त्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर जिन्यात बसून लिहितो आहे. दम खाणे चालू आहे.

काल दहा वेढे घातले. साडेसात आले. वेढे मोजताना चुकलो असेन म्हणून पुन्हा घातले. साडेसात. तिसऱ्या वेळी चष्मा बदलला. चष्म्याची काही चूक नव्हती. मग जबडा उघडून खरवडला तर पिवळट, डिंकासारखा थर निघाला. माझे तेल. वर्षाला एक थेंब याप्रमाणे चौदा वर्षांचे, वाळून लाखेसारखे कडक झालेले. त्याने जबडा पुरता मिटत नव्हता, आणि न मिटणारा जबडा कमी मोजतो हे मी चाळीस वर्षे प्रयोगशाळेतल्या मुलांना शिकवले. खरवडताना वरची पितळी पाटीही सुटली. खाली भलत्याच कारखान्याचे नाव कोरलेले आहे. त्याविषयी आज काही लिहीत नाही.

सकाळच्या पहिल्या बसने निघालो. तुझ्याकडे यायला तोंड नव्हते, म्हणून थेट इथे आलो. व्यवस्थापकांना म्हटले, लिफ्ट आत्ता बंद करा. ते म्हणाले, तुमच्याच सहीवर सुरू केली. मी म्हटले, म्हणूनच सांगतो. त्यांनी स्विच पाडला आणि कळवले की समितीची बैठक आठव्या मजल्यावर चालू आहे, काय ते तिथे येऊन सांगा. तिसऱ्या मजल्यावर एक आजी दोन पिशव्या खाली ठेवून विचारत होत्या, कुठल्या शहाण्याने लिफ्ट बंद केली. मी म्हटले, मी. दोन्ही पिशव्या पाचव्यापर्यंत मी आणल्या.

अजून तीन मजले आहेत. लोभ उरला असेल तेवढा असू दे.
मोठा काका

ता. क. वर जाऊन आलो. माझे माप खोटे आणि पुतणीचे खरे, असे सर्वांसमोर सांगितले आणि लिहूनही दिले. हजारो दाखल्यांवर सह्या केल्या, पण त्यात ‘माझी चूक’ हे शब्द आज पहिल्यांदा आले. एका गृहस्थांनी विचारले, दोन्ही चिमटे खोटे कशावरून नसतील? शंका रास्त होती. म्हणून सगळ्यांना गच्चीवर मोटरपाशी नेले आणि तिच्या अंगावर हात ठेवायला सांगितले. पाच म्हणेपर्यंत कुणाचा टिकला नाही. व्यवस्थापकांचा दोनलाच निघाला.

मोटर उघडायचे काम तुझे. उद्या सकाळी नऊला बोलावले आहे. पत्र तुझ्या शटरखालून सरकवतो आणि लॉजवर जातो. तुझ्यासमोर उभे राहायचे धाडस उद्यापर्यंत गोळा होईल. गेटवरच्या वहीत उद्याची नावे आजच लिहून घेतली. तुझ्यापुढे मेकॅनिक लिहिले आहे, माझ्यापुढे मदतनीस. वेळेवर ये. मेकॅनिक आल्याशिवाय मदतनिसाला आत सोडत नाहीत.