ढापण्या अजून हवेतच आहे

३ मार्च
माझ्या दोस्ताचं, ढापण्याचं, परदेशाचं तिकीट आलं. उंच बिल्डिंगांना काचा बसवायचं काम. जागा दोन. एकीवर तो, दुसरीवर मी. उतरल्या उतरल्या माझं नाव साहेबाच्या कानावर घालतो म्हणाला.
तिकीट मी नीट वाचलं. इथून सकाळी दहा, तिथे संध्याकाळी पाच. म्हणजे सात तास. नकाशात पाहिलं, दोन्ही शहरं आशियातच, अंतर दोन बोटं. सात तास जरा जास्त वाटतात, पण विमानालाही वळणं असतील.

४ मार्च
काचेच्या दुकानात मालकांना सांगितलं, उद्यापासून येणार नाही. म्हणाले, आधी कधी येत होतास? जळतात.

६ मार्च
ढापण्याला सोडायला गेलो. आठवण म्हणून त्याच्या बॅगेत गुपचूप अर्धी वीट ठेवली. काट्यावर वजन जास्त भरलं. अख्ख्या लाइनीसमोर बॅग उपसावी लागली, चड्ड्यांसकट. वीट निघाली तेव्हा मी लांबून हात हलवला. पोट दुखेपर्यंत हसलो. तोही हसला असणार, पाठ होती म्हणून दिसलं नाही.

दुपारी तीन
ताई आली. ढापण्याचा दाजींना फोन आलेला, पोचला म्हणे. म्हटलं, बाई गं, अजून दोन तास बाकी आहेत. ती म्हणाली, तिकडचं घड्याळ पुढे असतं गाढवा. आता घड्याळ पुढे असलं म्हणून विमान कसं पुढे जाईल? शिकलेली आहे, पण समज नाही.
आणि पोचला असता तर मला नसता केला फोन? दाजींना कशाला?

रात्री
सात तास कधीच झाले. समोरून वारा असणार.

८ मार्च
फोन उचलत नाही. मेसेजवर दोन निळ्या टिका. वाचलं म्हणजे कामाला लागला. मी बॅग भरून ठेवली.
आईने विचारलं, उतरला का रे? म्हटलं, सामान मिळायला वेळ लागतो. दोन दिवस? म्हणाली. आईला प्रवासाची सवय नाही.

११ मार्च
मेसेज आला. "विमानातच आहे. उतरलो की बोलतो."
बघा. आईला दाखवला. तिने ताटात नेहमीपेक्षा जास्त वाढलं.

१४ मार्च
ताईकडे जेवायला. दाराआड नवी कोरी बॅग. ताई म्हणाली, सांगणारच होतो. दुसरी जागा दाजींना. ढापण्यानेच लावून दिली, उतरल्या उतरल्या.
विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणाला? दाजींनी भात कालवला. मग म्हणाले, तिसाव्या मजल्यावर दोराला लटकून काच लावायची असते. वर जोडीदार दोर धरतो. तिथे तू नको म्हणाला.
मी काय दोर सोडणार आहे का त्याचा?
दाजी म्हणाले, सोडणार नाहीस रे. सोडल्यासारखं करशील.
मजा म्हणून मी एकदाच केलं असतं.

२० मार्च
दाजींना दहाच्याच विमानाला सोडलं. बॅगेला ताईने हात लावू दिला नाही.
पावणेतीनला फोन, पोचलो. साडेचार तासच लागतात म्हणजे. ताईने स्पीकर लावला. मागे ढापण्या खदाखदा हसत होता. ताई म्हणाली, हा इथेच आहे, देऊ का त्याला?
हसणं थांबलं. दाजी म्हणाले, रेंज जातेय गं, ठेवतो.
आवाज एकदम स्वच्छ येत होता.